पात्याची नक्कल नको, पात्याचे आकडे लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या ‘वाचकांची पत्रे’ सदरात तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र वाचलं. ट्रॅक्टर तोच, ब्लोअर (पंख्याच्या हवेनं औषध फवारणारं यंत्र) तोच, औषधही तेच. पण पंख्याची पाती बदलून घेतल्यापासून डिझेल जास्त जातं, पंखा घोंघावतो आणि घडाच्या आतल्या अंगाला औषध लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. शेवटी त्यांनी विचारलं होतं, ‘नवी पाती जुन्यासारखीच हुबेहूब ओतून आणली, मग फरक कशानं पडला?’

मी कुपवाड एमआयडीसीत पॅटर्न बनवतो, म्हणजे वाळूत दाबून ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना. वय एकोणसाठ, त्यातली चाळीस वर्षं लाकूड, पत्रा आणि वाळूत गेली. त्या बागायतदारांची पाती मी ओतलेली नाहीत. पण तशी पाती मी अनेक वर्षं केली आहेत, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्याकडे लागतं. फरक पडला तो ‘हुबेहूब’मुळेच.

आमच्याकडे हे काम कसं येतं ते आधी सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे फुटले आणि पाऊस लांबला की डाऊनी या बुरशीरोगाची भीती. अशा वेळी फवारणी एक दिवसही पुढं ढकलता येत नाही. नेमकी तेव्हाच ब्लोअरमध्ये काडी नाहीतर तारेचा तुकडा ओढला जातो आणि दोन-तीन पाती जातात. शेतकरी उरलेलं एक धड पातं पिशवीत घालून दारात उभा राहतो. ‘मिस्त्री, सेम असली आठ पाती पायजेत, परवापत्तर.’ मूळ पाती मागवायची तर आठवडा जाणार, तोवर बाग हातची जाणार. मग ते पातंच पॅटर्न म्हणून वाळूत बसवायचं, एलएम ६ जातीचं ॲल्युमिनियम ओतायचं, कडा कानशीनं साफ करायच्या आणि द्यायचं. शेतकऱ्याची नड भागते, आपल्यालाही चांगलं काम केल्यासारखं वाटतं. मी अकरा हंगाम हेच केलं.

आता ॲल्युमिनियमचा स्वभाव बघा. वितळलेला धातू गोठताना आणि निवताना आकसतो. आमच्या धंद्यात ॲल्युमिनियमला मीटरमागं साधारण १३ मिलिमीटर आकस धरतात, आणि तेवढी वाढीव खूण असलेली वेगळी पट्टीच पॅटर्नवाल्याकडे असते. नवा पॅटर्न करताना ती पट्टी वापरली जाते. पण ओतलेलं पातंच पॅटर्न म्हणून वापरलं, तर वाढ कुठून मिळणार?

चार वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या ब्लोअरमधून एकाच वेळी तीन प्रकारची पाती निघाली. एक मूळचं, एक त्याची नक्कल, आणि एक नकलेची नक्कल. तिन्ही मी सरफेस प्लेटवर शेजारी शेजारी ठेवली आणि व्हर्नियर लावला. मूळ पात्याची लांबी १८० मिलिमीटर. दुसरं १७७.७. तिसरं १७५.४. पंख्याभोवतीची रिंग मात्र आहे तेवढीच. म्हणजे पात्याचं टोक आणि रिंग यांतली ४ मिलिमीटरची फट आधी सहाच्या वर आणि मग साडेआठच्या वर गेली होती. पात्याच्या पोटाकडं हवा दाबलेली असते, पाठीकडं दाब कमी असतो. फट वाढली की पोटाकडची हवा टोकावरून पाठीकडं निसटते. पात्याचं जे टोक सगळ्यात जास्त वेगानं फिरतं, सगळ्यात जास्त काम करू शकतं, त्याचीच मेहनत फुकट जाते.

हे फक्त लांबीचं झालं. मूळ पात्याची मागची कड दोन मिलिमीटरहून पातळ होती. वाळूत इतक्या पातळ जागेत धातू नीट धावत नाही, म्हणून नकलेत ती साडेतीन झाली होती. पुढची कड तर नमुन्यातच खडबडीत होती. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद ॲल्युमिनियमला खातं, आणि फवारणीचा तुषार थोडाफार पंख्यात परत ओढला जातोच. त्या खाल्लेल्या कडेचे खड्डे नकलेतही जसेच्या तसे उतरले होते. बुडाशी पातं हबमध्ये, म्हणजे पाती धरणाऱ्या मधल्या गोल भागात, बसावं म्हणून कुणीतरी कानस मारली होती, त्यात कोन तीन अंशांनी फिरला होता. कोण म्हणजे मीच असणार, कारण त्या कानशीच्या खुणा मी ओळखतो.

यावर शेतकरी काय करतो? हवा कमी पडते म्हणून पात्याचा पिच, म्हणजे कोन, वाढवतो. हबवर खुणा असतातच, तो पाती दोन खुणा पुढं फिरवतो. मग पात्याच्या पाठीवरून हवा चिकटून जायची सोडून सुटते, बुडापाशी भोवरे होतात. घोंघावणं म्हणतात ते हेच. तरीही हवा पुरत नाही म्हणून थ्रॉटल वाढतो. इथं पंख्याचा एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. तोच पंखा दहा टक्के जास्त फेऱ्यांनी फिरवला तर हवा दहा टक्केच वाढते, पण लागणारी ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. हवा फेऱ्यांच्या पटीत, दाब फेऱ्यांच्या वर्गात आणि ताकद घनात. पीटीओ (पंखा फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवरून ५९४ वर नेला की डिझेल का जास्त जातं, याचं उत्तर एवढंच आहे.

आणि धोका वेगळाच. समजा, पीटीओच्या ५४० फेऱ्या गिअरबॉक्समधून चौपट होऊन पंखा २१६० फेऱ्यांनी फिरतोय. पाव किलो वजनाच्या पात्याचा गुरुत्वमध्य मध्यापासून २०० मिलिमीटरवर धरला, तर ते पातं अडीचशे किलोहून जास्त ओढीनं बाहेर खेचलं जात असतं. दोन समोरासमोरच्या पात्यांत फक्त १० ग्रॅमचा फरक असला, तरी हबवर दहा किलोचा झटका बसतो, आणि तो सेकंदाला ३६ वेळा फिरत राहतो. बेअरिंग जातं ते यानं. त्या दिवशी मी आठही पाती तराजूवर टाकली, तर सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड पात्यात १४ ग्रॅमचा फरक निघाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ट्रॅक्टरवर बसणारा माणूस त्या पंख्याच्या पुढं थोड्याच अंतरावर असतो.

तेव्हापासून मी ठरवलं की पात्यावरून पातं करायचं नाही. पण मग कशावरून करायचं?

पात्याला पीळ का असतो, हे आमच्यातल्या पुष्कळ कारागिरांना कुणी कधी सांगितलेलंच नाही. मी मुलांना छत्रीवरून सांगतो. पाऊस सरळ पडत असला तरी आपण चालायला लागलो की छत्री पुढं कलवावी लागते, मोटरसायकलवर तर पाऊस तोंडावरच येतो. पाऊस तोच असतो, आपला वेग वाढला म्हणून तो समोरून येतो असं वाटतं. पात्यालाही हवा तशीच भेटते. ६०० मिलिमीटरचा पंखा घ्या, हब २४० चा, फेरे २१६०, आणि पंख्यातून जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटर. टोक सेकंदाला ६८ मीटरनं पळतं, म्हणजे ताशी जवळपास २४४ किलोमीटर. बूड मात्र २७ मीटरनंच. म्हणून फिरण्याच्या पातळीपासून मोजलं तर टोकाला हवा १६ अंशांनी भेटते, मध्यावर २३ अंशांनी आणि बुडाशी ३६ अंशांनी. एकाच पात्याला तीन ठिकाणी तीन वेगळे वारे लागतात. वीस अंशांचा पीळ येतो तो इथून. दिसायला बरा म्हणून तो दिलेला नसतो. गणिताच्या पुस्तकात याला वेगांचा त्रिकोण म्हणतात, आणि फिरत्या चक्राला हवा किंवा पाणी किती काम देतं किंवा त्याच्याकडून किती घेतं याचं समीकरण ऑयलरनं अठराव्या शतकातच मांडून ठेवलंय. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातल्या २५० मेगावॉटच्या फ्रान्सिस टर्बाइनलाही तेच समीकरण लागू, आणि आपल्या मांडवाखालून जाणाऱ्या ब्लोअरलाही.

हे कळलं की पात्याकडं बघायची नजर बदलते. पात्याचा आकार म्हणजे काही आकड्यांनी एकमेकांशी केलेला करार आहे. बाहेरचा व्यास, हबचा व्यास, पात्यांची संख्या, फेरे, हवेचा वेग. मग बुडाशी, मध्यावर आणि टोकाला रुंदी किती, बाक किती, जाडी किती, कोन किती. एक आकडा बदलला की बाकीच्यांनी त्याप्रमाणं हललं पाहिजे. हल्ली याला पॅरामेट्रिक डिझाइन म्हणतात. विमानवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. अमेरिकेतल्या नाका या विमानविद्येच्या सरकारी संस्थेनं १९३३ साली विमानाच्या पंखाच्या ७८ छेदांच्या, म्हणजे पंख आडवा कापला की दिसणाऱ्या आकारांच्या, चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यात पंखाच्या छेदाचा अख्खा आकार चार अंकांत बसवला होता. ६४०९ म्हटलं की बाक रुंदीच्या ६ टक्के, तो पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर, आणि जाडी ९ टक्के. चार अंक फोनवर सांगितले तरी हजार मैलांवरचा माणूस तोच छेद काढू शकतो. आम्ही मात्र अजून पातं पिशवीत घालून फिरवतोय.

माझी भाची मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दोन वर्षं माझ्याकडे काम शिकायला आली. फ्रीकॅड नावाचं आकार काढायचं मोफत सॉफ्टवेअर तिला येत होतं. मी तिच्या हातात मूळ पातं दिलं. तिनं हाइट गेज लावून त्याचे ६४ बिंदू मोजले, संगणकात टाकले आणि त्यावरून पृष्ठभाग काढला. पडद्यावर पातं उमटलं. मी म्हटलं, आता याचा व्यास ६०० चा ५८० कर. तिनं केला, आणि पात्याच्या पाठीवर लाटा उठल्या, पत्र्याला पोचे पडावेत तशा. कारण ते ६४ बिंदू म्हणजे नमुन्यातला प्रत्येक खड्डा, कानशीचा प्रत्येक ओरखडा आणि मोजताना हललेला हात होता. नक्कल वाळूत केली काय आणि संगणकात केली काय, आतली चूक तशीच गोठते. हल्ली स्कॅनर लावून पातं ‘उचलून’ देणारे आले आहेत. त्यांना माझं हेच सांगणं आहे. स्कॅन फक्त पडताळायला वापरा. पातं त्यावरून जन्माला घालू नका.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून वडिलांची पत्र्याची पेटी काढली. वडील पॅटर्नमेकर होते. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून आमच्या या पट्ट्यात ओतकामाची विद्या रुजली, आणि वडिलांच्या पिढीनं ती हाताखाली राबून उचलली. १९७८ साली एका सूतगिरणीच्या ह्युमिडिफिकेशन (हवेत ओलावा राखणाऱ्या) प्लँटसाठी त्यांनी १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं केलं होतं. त्याची पत्र्याची टेम्पलेटं एका लोखंडी सळईत ओवून ठेवलेली होती. प्रत्येक टेम्पलेट म्हणजे पात्याचा एका ठिकाणचा छेद. प्रत्येकावर पंचनं दोन आकडे ठोकलेले, एक त्रिज्या आणि दुसरा कोन. २४० वर ४०. ३३० वर ३१. ५१० वर २१. ६०० वर १८. मधलं, ४२० चं, हरवलं होतं. कधी ते मला आठवत नाही. सळई मात्र तशीच होती आणि त्यावर त्या टेम्पलेटाच्या जागी गंजाची पुसट रेघ राहिली होती.

भाचीनं सळई हातात घेऊन फिरवली आणि विचारलं, ‘मामा, प्रत्येकात हे भोक एकाच जागी का पाडलंय?’

मी सांगितलं की त्या भोकावर छेदाचा तोल साधतो. आबा, म्हणजे माझे वडील, पत्रा कापला की सुईच्या टोकावर तोलायचे, जिथं तो स्थिर राहील तिथंच भोक पाडायचे. मग सगळे छेद एका सरळ सळईवर आले की पातं फिरताना बाहेर ओढलं गेलं तरी वाकत नाही.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिनं लॅपटॉप उघडून आधीचं सगळं पुसून टाकलं. तिच्या पुस्तकात छेद एकावर एक रचायच्या त्या अक्षाचं आख्खं प्रकरण होतं. त्रिज्येगणिक छेद, प्रत्येक छेदाला कोन, बाक आणि जाडी, आणि सगळे एका अक्षावर ओवलेले. पुस्तकात जे होतं तेच या सळईवर होतं. माझे वडील सातवी शिकलेले होते.

त्यानंतर तिनं ब्लोअरचं पातं नव्यानं मांडलं. आधी फ्रीकॅडमधल्या स्प्रेडशीटमध्ये आकडे लिहिले, मग त्या आकड्यांना आकार बांधला. पहिल्यांदा तिनं पाच छेद घेतले आणि प्रत्येकाला पाच आकडे दिले, म्हणजे पंचवीस. ते जास्त झाले. एका छेदाचा बाक बदलला की शेजारचा छेद त्याच्याशी फटकून वागायचा. मग आम्ही बसून ठरवलं की रुंदी, बाक आणि जाडी फक्त बुडाशी आणि टोकाशी द्यायची, मधले आकडे त्यांच्यातल्या गुळगुळीत वळणावरून निघू द्यायचे. त्यासाठी तिनं जी वक्ररेषा वापरली ती बेझिएची. १९६० च्या आसपास रेनॉमध्ये बेझिए आणि सिट्रोएनमध्ये द कास्तेल्जो यांनी मोटारीच्या पत्र्याचे बाक काढायला ती स्वतंत्रपणे शोधली होती. मला त्यातलं एवढंच भावलं की तीन-चार बिंदू लांबून रेषेला ओढतात आणि रेषा लवचिक पट्टीसारखी वाकते, जशी आम्ही खिळे ठोकून वेताची पट्टी वाकवायचो. कोन मात्र हाताने द्यायचा नाही. तो फेरे, त्रिज्या आणि हवेचा वेग यांवरून निघाला पाहिजे, आणि त्यात पात्यानं हवेला किती अंशांनी भिडायचं तो आकडा मिळवायचा. शेवटी तेरा आकडे उरले. चौदावा मी घालायला लावला, आकसाचा, १.०१३. त्यानं गुणलं की पातं नाही, पॅटर्न तयार होतो. तो चौकोन रिकामा ठेवता येत नाही अशी सोय तिनं केली आहे.

कुठले आकडे हाती ठेवायचे आणि कुठले आपोआप निघू द्यायचे, पॅरामेट्रिक कामातली अक्कल सगळी इथं लागते. सॉफ्टवेअर कुठलं वापरलं याला फार अर्थ नाही. आकडे फार ठेवले तर मॉडेल हाताबाहेर जातं, फार कमी ठेवले तर पाहिजे ते पातं त्यात बसतच नाही. आणि आकडा असा हवा की ज्याचा अर्थ ओतकाम करणाऱ्या पोरालाही सांगता येईल. ‘सतरावा बिंदू अर्धा मिलिमीटर वर’ याला काही अर्थ नाही. ‘टोकाचा बाक चार टक्क्यांवरून पाच’ याला आहे.

पॅटर्न आता आम्ही छोट्या प्रिंटरवर छापतो, घासून लांबी (पुट्टी) भरतो आणि वाळूत घालतो. ओतलेलं पातं तपासायला मात्र अजून पत्र्याची टेम्पलेटंच लावतो. मागची कड वाळूत भरावी म्हणून तीन मिलिमीटर ओततो आणि घासून दोनवर आणतो. पहिल्या आठ पात्यांच्या संचात वजनाचा फरक ३ ग्रॅमचा आला. मग जड पातं हलक्याच्या समोर येणार नाही अशी जोडी लावली. ज्या शेतकऱ्याकडची ती तीन प्रकारची पाती होती, त्यांच्याच ब्लोअरला ती बसवली. मांडवात घडांच्या आतल्या बाजूला आम्ही पिवळे कागद टाचले होते. त्या कागदावर थेंब पडला की तिथं निळा ठिपका उमटतो. जुन्या पात्यांवर आतल्या बाजूचे कागद बरेचसे पिवळेच राहिले होते. नव्या पात्यांवर, पीटीओ ५४० वर ठेवून, ते बारीक निळ्या ठिपक्यांनी भरले. शेतकऱ्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. संगणकात हवेचा प्रवाह रंगीत दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत. ओपनफोमसारखं मोफतही आहे, आणि एका छेदाचं वागणं बघायला एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ साली लिहिलेलं एक्सफॉइल आजही चांगलं काम देतं. भाची दोन्ही वापरते. पण पंख्याच्या मागं पंप आहे, पुढं जाळी आहे, कडेला नोझलची रिंग आहे, आणि हवा तिथं वाकडी होऊनच शिरते. म्हणून पडद्यावरचा निकाल मी अंदाज मानतो, आणि पिवळ्या कागदाला पुरावा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. ब्लोअर बनवणाऱ्या कारखान्यांना विनंती आहे की पंख्याबरोबर एक पान मराठीत द्या. व्यास, हब, पात्यांची संख्या, फेरे, रिंगपासूनची फट, कुठल्या त्रिज्येवर किती कोन, एका पात्याचं वजन. यात तुमचं कुठलंच गुपित उघडं पडत नाही. पातं तुटल्यावर ते कुणी ना कुणी ओतणारच आहे. आकडे नसले की वाईट ओतलं जाईल आणि बदनामी तुमच्या ब्लोअरची होईल. पात्याच्या बुडाशी ओततानाच कोनाची खूण उठवली तर अजून बरं. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ औषधाचं प्रमाण, फवारणीची वेळ हे शेतकऱ्यांना सांगतात. त्यांनी पंख्याबद्दलही सांगावं. औषध पानापर्यंत नेणारी हवा पात्यातून निघते.

आणि आयटीआयमधल्या फाउंड्रीमनच्या मुलांना वेगांचा त्रिकोण शिकवायला हवा. छत्रीचं उदाहरण दहा मिनिटांत समजतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं कित्येक मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून तयार केले आहेत, म्हणजे भाषेची अडचण आहे असंही म्हणता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे हात चांगले आहेत. त्यांना दिलेलं पातं ती मान खाली घालून तंतोतंत करतात, आणि तंतोतंत केल्यामुळेच ते चुकतं. हे बघून मला फार वाईट वाटतं.

त्या बागायतदार बंधूंना एवढंच सांगतो. पाती आधी तराजूवर टाका, मग पंखा हातानं सावकाश फिरवून प्रत्येक टोक रिंगपासून किती लांब आहे ते मोजून कागदावर लिहा. लांबी कमी भरली असेल तर पिच वाढवू नका, थ्रॉटलही वाढवू नका. त्यानं फरक भरून निघणार नाही. आणि एखादं मूळ पातं कुठं पडलं असेल तर ते टाकू नका. ते पॅटर्न म्हणून चालणार नाही, पण त्याचे आकडे अजून घेता येतील.

वडिलांच्या सळईचं राहिलं. मध्यंतरी एका संध्याकाळी भाचीनं त्या चार टेम्पलेटांवरचे आकडे वहीत मांडले. हरवलेल्या ४२० च्या टेम्पलेटाचा कोन तिला काढायचा होता. ३३० वर ३१ आणि ५१० वर २१, म्हणून मी म्हटलं मधलं २६ असणार. तिनं तसं केलं नाही. तिनं प्रत्येक त्रिज्येला कोनाच्या टॅननं गुणलं. २०१, १९८, १९६, १९५ असे आकडे आले. हा गुणाकार सगळीकडं सारखा असला की तो मळसूत्राचा पीळ. म्हणजे वडिलांनी पात्याला जवळजवळ मळसूत्राचा पीळ दिला होता, आणि हवेला टोकाकडं थोडं कमी दाबलं होतं. कुठलं पुस्तक वाचून दिला की हातानं, ते आता कुणाला विचारायचं? मधला आकडा तिनं १९७ धरला आणि कोन २५ आला.

तिनं पत्रा कापला, सुईवर तोलून भोक पाडलं, पंचनं ४२० आणि २५ ठोकलं आणि तो गंजाच्या रेघेवर ओवला.

आपला,
एक पॅटर्न मिस्त्री,
कुपवाड, जि. सांगली